टाचणीच्या मापाचे शब्द

विद्यापीठाच्या भाषा व संस्कृती विभागात तिला आडनावाने हाक मारत. घरी मात्र चाळिशी ओलांडली तरी ती टाचणीच होती. वडिलांचे शिंपीकामाचे दुकान घराच्या पुढच्या खोलीत होते. लहानपणी मशीनखाली बसून फरशीवर सांडलेल्या टाचण्या वेचणे हे तिचे काम असे, आणि नजरेतून सुटलेली एखादी टाचणी नेमकी वडिलांच्याच तळव्यात घुसे. "ही आमची दुसरी टाचणी," ते गिऱ्हाइकांना सांगत, "टोचत नाही, नुसते प्रश्न विचारते." पुढे ती शिकली, सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव करणाऱ्या टेबलामागे नोकरीला लागली. लग्नाचे राहून गेले ते गेलेच. भाऊ वेगळा राहू लागल्यावर घरात ती आणि आईवडील एवढेच उरले, तेव्हा तिने सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या पदव्युत्तर वर्गात नाव घातले.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाला मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एक संशोधन प्रकल्प करावा लागे. तिने विषय निवडला तो शिंप्यांच्या बोलीचा. माहिती देणारा माणूस घरातच होता आणि त्याला बोलायला आवडत होते. मार्गदर्शक बाईंनी आराखडा वाचून मान डोलावली, पण त्यांच्या आवाजात उत्साह नव्हता. "नीटनेटका होईल," त्या म्हणाल्या. नीटनेटका हा शब्द विभागात कौतुकाचा मानला जात नसे.

पहिले ध्वनिमुद्रण व्हायच्या आतच वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते घरी परतले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणे जवळजवळ गेले होते. समोरच्याचे सगळे त्यांना समजे. उत्तर मात्र ओठांशी येऊन अडे. दवाखान्यातल्या वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी घरच्यांना बसवून सांगितले, "शब्द अडला की थोडं थांबा. मग पहिलं अक्षर द्या. तरी नाही आला, तर शब्दच देऊन टाका आणि त्यांच्याकडून म्हणून घ्या. त्यांना लटकत ठेवू नका." आईने ही सूचना पदराला गाठ मारावी तशी जपली. टाचणीनेही ती ऐकली होती.

प्रकल्प सोडून द्यावा अशा विचारात ती असताना एके सकाळी वडील खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "उसव."

तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "काय, बाबा?"

"खिडकी... उसव."

तिने खिडकी उघडली. वडिलांनी समाधानाने डोळे मिटले. त्यानंतरच्या दिवसांत असे आणखी शब्द येत गेले. दिवा लावायचा तर ते "गुंडी लाव" म्हणत. औषधाआधी पोटात काहीतरी हवे असले की "अस्तर" मागत. आणि दुपारी पाठ टेकावीशी वाटली की म्हणत, "मला घडी घाल." हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. टाचणीलाही हुंदका आला. पण हुंदक्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आले आणि ती हसली. सापडले, असे वाटल्यावर माणूस हसतो, तसे ते हसू होते. वडिलांनी ते पाहिले.

मार्गदर्शक बाईंना तिने हे सांगितले तेव्हा त्या खुर्चीतून पुढे झुकल्या. "साधे शब्द गेले आणि हातात मुरलेले शब्द त्यांच्या जागी येऊन बसले. कळतंय का तुम्हाला, काय हाती लागलंय ते? हा आता नीटनेटका प्रकल्प राहिला नाही." वडिलांची संमती घ्या, असे त्यांनी बजावले आणि मग एक नियम घालून दिला. "निवेदकाला, म्हणजे माहिती देणाऱ्याला, शब्द पुरवायचा नाही. तुम्ही पुरवलात की तो तुमचा शब्द झाला, त्यांचा नाही राहिला."

"पण दवाखान्यातल्या बाई म्हणतात—"

"त्यांचं काम वेगळं, आपलं वेगळं. दिवसातला अर्धा तास फक्त. बाकी वेळ तुम्ही मुलगीच आहात की!"

वडिलांनी लगेच मान हलवून संमती दिली. मुलीच्या कोणत्या गोष्टीला त्यांनी कधी नाही म्हटले होते?

अर्धा तास अर्ध्या तासापुरता राहिला नाही. शब्द काही वेळ ठरवून येत नसत; म्हणून ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल हळूहळू दिवसभर वडिलांच्या उशाशी चालू राहू लागला आणि त्याच्याबरोबर तो नियमही. एकदा त्यांना काहीतरी हवे होते. "का... का..." असे म्हणत ते हात हवेत फिरवत राहिले. कपाळावर घाम जमला. टाचणी हातांची घडी घालून समोर बसली होती. त्यांचा चष्मा तिच्या कोपराजवळ होता आणि त्यांना तोच हवा आहे हे तिला कळलेले होते.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. "अगं, चष्मा मागतायत ते! दे की! बापाची तोंडी परीक्षा घेतेयस का?"

"आई, मध्ये बोलू नकोस ना. काच म्हणतील, भिंग म्हणतील, काय म्हणतात ते बघू दे."

"काय म्हणतील ते म्हणतील. त्यांना दिसत नाहीये, ते आधी बघ." आईने चष्मा उचलला आणि वडिलांच्या नाकावर नीट बसवला.

ते ध्वनिमुद्रण ऐकून मार्गदर्शक बाई हसल्या आणि मग सौम्यपणे म्हणाल्या, "आईंना तेवढा वेळ बाहेर बसवता येईल का?"

टाचणीने दुकानातली एक खुर्ची ओसरीत नेऊन ठेवली. आई तिच्यावर बसली, पण गप्प बसली नाही. अहवालाची पहिली पाने टाचणी मोठ्याने वाचत होती तेव्हा तिने बाहेरूनच विचारले, "हे निवेदक कोण गं?"

"बाबा."

"अस्सं. आणि मी कोण आहे त्यात?"

"तू नाहीयेस, आई. अभ्यास त्यांच्या भाषेचा आहे."

"नाहीच का मी? बरं. मग निवेदकाला आज जेवायला कोण घालणार, तेही लिही त्यात."

टाचणी हसली. मग तिने पुढचे पान वाचायला घेतले.

दवाखान्यात वडिलांना नेहमी भाऊ नेत असे. अहवाल सादर करण्याची तारीख जवळ आली असताना त्याला बाहेरगावी जावे लागले, म्हणून एका दुपारी टाचणी त्यांना घेऊन गेली. वडिलांना वाणी-उपचाराच्या बाईंकडे आत सोडून ती पाणी आणायला गेली. परतली तेव्हा दार अर्धवट लोटलेले होते आणि आतून आवाज येत होते.

"आणि हे काय करतेय मी?"

"दार... उघडताय."

"शाब्बास! आणि हे?"

"बटण. दिव्याचं... बटण."

हातातल्या बाटलीचे झाकण फिरवणे ती विसरली. घरी महिनोन्‌महिने जे शब्द हरवले आहेत असे ती लिहीत होती, ते इथे, या हिरवट भिंतींच्या खोलीत, धडधडीत जिवंत होते. ती आत गेली. वडिलांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या हातातल्या मोबाइलकडे. बाईंनी तिला बसायची खूण केली आणि पुन्हा दाराकडे बोट दाखवले. "काका, मुलीला सांगा बघू, हे काय करायचं?"

वडिलांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "दार उसव." आणि हसले. नवा सदरा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून, दोन पावले मागे सरून ते आरशात बघत हसत असत, अगदी तसे.

"अहो काका! आत्ता तर बरोबर म्हणालात! मुलगी आली की चेष्टा सुचते होय?" बाईंनी थट्टेने दटावले. टाचणीचा चेहरा पाहून मात्र त्यांचा स्वर बदलला. "घरी असंच म्हणतात का?"

तिने सांगितले. नियमाबद्दल सांगितले, खुर्चीबद्दलही. बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे तिला वाटले. कपाटातून वडिलांच्या जुन्या तपासणीची नोंद काढून त्या वाचत राहिल्या. "सुरुवातीला 'झोप' हा शब्द ते म्हणत होते. अडखळत, पण म्हणत होते. आता तो माझ्याकडेही येत नाही. कितीही मदत केली तरी घडीच म्हणतात."

"माझ्यामुळे?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार. या आजारात शब्द येतात, जातात. पण चुकीचा शब्द रोज वापरात राहिला आणि त्याचं कौतुक झालं, तर पायवाट तिकडूनच पडते."

बाईंनी शंकेला जागा ठेवली होती. पण ती जागा टाचणीला उपयोगाची नव्हती.

घरी आल्यावर तिने मोबाइल बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवला आणि वडिलांच्या पायांशी, लहानपणी बसे तशी, फरशीवर बसली. "बाबा, तुम्हाला उघड म्हणता येतं. मग माझ्यापाशी उसव का म्हणता?"

वडिलांनी नजर चुकवली. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखे त्यांनी डाव्या हाताने चादरीची कड दुमडली, पुन्हा सरळ केली.

"मी रागावले नाहीये. सांगा ना."

"तू..." ते थांबले. ती पहिले अक्षर देणार होती, पण कोणत्या शब्दाचे, ते तिला या वेळी खरोखरच ठाऊक नव्हते. "तू हसतेस." डावा हात उचलून त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणून वीत एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेली. "तुझ्या... मापाचं."

आयुष्यभर त्यांनी हेच केले होते. समोर आलेल्या माणसाला काय शोभेल, कशाने त्याचा चेहरा खुलेल ते हेरून कापड बेतायचे. शब्द तुटपुंजे उरले, तेव्हा तेही त्यांनी तसेच बेतले. आणि गिऱ्हाईक होऊन कोण समोर उभे राहिले होते? ज्या विधानावर तिचा सारा अहवाल उभा होता, की कसबाची भाषा वाणीच्या पडझडीतही आपोआप तगते, त्यातला 'आपोआप' तिनेच आपल्या हसण्याने घडवला होता. तरी त्या क्षणी तिला अहवालाची फिकीर नव्हती. आपल्याला खूश करण्याच्या भरात या माणसाने स्वतःचा 'झोप' हा शब्द गमावला, एवढेच तिला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ती विभागात गेली. मार्गदर्शक बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि पेनाचे टोपण उघडले, लावले. "म्हणजे सामग्री दूषित झाली," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या डोळ्यांत तीच ओळखीची चमक आली. "पण एक सांगू? हा विषय आधीच्यापेक्षा चांगला आहे. संशोधकाच्या उपस्थितीचा निवेदकाच्या भाषेवर होणारा परिणाम. तुमच्याकडे आजवरचं सगळं ध्वनिमुद्रण आहे. फक्त आता पुढची काही ध्वनिमुद्रणं, तुम्ही न हसता, तुलनेसाठी—"

प्रस्ताव बिनचूक होता. पदवी याच सत्रात हाती आली असती; ग्रंथालयात वरची जागा रिकामी होणार होती आणि त्या जागेला पदवीची अट होती. तिच्या मनात क्षणभर नव्या प्रकरणांची मांडणी तयारही झाली, आणि ती होते आहे हे लक्षात येताच तिला स्वतःची शिसारी आली.

"नाही, बाई. आता त्यांच्यासमोर मी काही तपासायला बसणार नाही. न हसता तर नाहीच नाही."

"मग सत्र वाया जाईल. विषय नव्याने मंजूर करून घ्यावा लागेल."

"जाऊ दे."

बाईंनी पेन खाली ठेवले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आईंना बाहेर बसवा, हे मीच म्हटलं होतं ना?"

"म्हटलं तुम्ही होतं," टाचणी म्हणाली, "खुर्ची मी ठेवली."

ती दुपारी घरी पोचली तेव्हा आई ओसरीतल्या खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. तिला पाहून आई पाय आखडून घेत म्हणाली, "निवेदकांचं जेवण झालंय. मी आत येऊ शकते, की बाहेरच बरी आहे?"

"ऊठ जरा," म्हणत टाचणीने खुर्ची उचलली, आत नेली आणि वडिलांच्या पलंगाला भिडवून ठेवली. आई भाजीचे ताट घेऊन खुर्चीवर येऊन बसली.

वडिलांचे डोळे जड झाले होते. "मला..." ते म्हणाले.

"झो," टाचणीने पहिले अक्षर दिले.

त्यांनी ओठ जुळवले. शब्दाच्या दिशेने काही पावले जावे आणि वाट सापडू नये, तसे त्यांचे तोंड नुसतेच हलले. मग ते थांबले, आणि या क्षणी काय हवे आहे ते वाचण्यासाठी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिला तेच सोसवले नाही. चेहरा कुठे लपवावा ते तिला कळेना.

"झोप," ती म्हणाली. "झोप, बाबा."

"घडी," वडील म्हणाले, आणि शंकेने विचारावे तसे थोडेसे हसले.

"झोप म्हणा, झोप," आईने ताटावरून नजर न उचलता म्हटले. "घडी कपड्याची घालतात. तुम्ही काय लुगडं आहात?"

वडील खुदकन हसले. त्यांची नजर मुलीच्या चेहऱ्यावरून सुटून आईकडे गेली. टाचणीने त्यांच्या पाठीशी हात घालून त्यांना आडवे केले, पांघरूण ओढले, आणि खाली वाकून त्यांच्या कानाशी तो शब्द पुन्हा एकदा म्हटला. त्यांनी तो म्हणून दाखवावा म्हणून ती थांबली नाही. शब्द त्यांच्यापाशी ठेवून ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि आईच्या ताटातली अर्धी भाजी आपल्याकडे ओढून निवडू लागली.