आंबिलीतलं मीठ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सोलापुरात हायस्कूलला सायन्स शिकवते. कुणाच्या अंगात आलं की तो सकाळी जेवला होता का, हे मी आधी विचारते. तरी हे लिहितेय... कारण यात मी केलेली एक वाईट गोष्ट आहे, आणि ती सांगून टाकायला दुसरी वाट नाही.

आमचं शेत अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. धाकटे दीर आणि जाऊ गौरा तिथेच राहतात. ऐन थंडीत वेळ अमावस्येला – आमच्याकडे येळवस म्हणतात – सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं करायचं, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की जोंधळ्याच्या पिठाची, ताकात आंबवलेली आंबील आधी उभ्या पिकावर शिंपडायची. मग आपण प्यायची.

ही आंबील सासूबाई करायच्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो. मी थोरली, गौराच्या अकरा वर्षं आधी या घरात आलेली. पण त्यांनी आंबील शिकवली ती गौराला. मला म्हणायच्या, तुला साळा हाय. जाण्याआधी आंबिलीचं मडकंसुद्धा त्यांनी तिच्याच हातात दिलं. मी शेजारीच बसले होते...

गेल्या वर्षीची येळवस आत्तींशिवायची पहिली. आदल्या दिवसापासून जो तो म्हणत होता, गौरा आहे म्हणजे आत्तीच आहेत. किती वेळा ऐकायचं माणसाने? सरळच सांगते – मी जळत होते. सकाळी गौरा गोठ्यात गेली तेव्हा मडकं चुलीपाशी तयार होतं. मी त्यात तीन मुठी मीठ घातलं, पळीने तळापासून ढवळलं आणि चाखून पाहिलं. तोंडात धरवेना.

दुपारी दिरांनी आंबील शिंपडली आणि पेले भरले. मी गौराच्या तोंडाकडे बघत बसले, ते कधी उतरतंय म्हणून. चुलत सासरे पहिला घोट घेऊन थांबले. म्हटलं, झालं! तर त्यांनी डोळे पुसले.

"वैनी आली बगा," म्हणाले. आत्तींना ते वैनी म्हणायचे.

सगळ्यांनी मागून मागून घेतली. ताकाला नाक मुरडणारी माझी मुलगी तीन पेले प्यायली. मी माझा पेला तोंडाला लावला... सकाळी होती तितकीच खारट. नवऱ्याच्या पेल्यातून घोट घेतला, तोही तसाच. तो मात्र मिटक्या मारत होता. एकाच मडक्यातली आंबील, आणि खारट फक्त मला लागत होती.

वर्षभर डोकं खाजवलं. मीठ तळाशी बसलं म्हणावं, तर ढवळलं मीच होतं. शेवटी मनाशी धरलं की गौराने मागाहून दुसरी आंबील करून ओतली असणार. मग माझ्या पेल्याचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. यंदा आदल्या संध्याकाळी चुलीपुढे तिला सगळं सांगून टाकलं. ती पीठ चाळत होती. चाळणी थांबली नाही.

"ठावं हाय की, आक्का. दारातनं बगितलं हुतं मी."

"मग दुसरी केलीस?"

"दुसरीला ताक कुटं हुतं? तीच नेली. म्हटलं, आत्तीची आंबील हाय, आत्ती बगून घेतील."

म्हणजे सगळं माहीत असून तीच आंबील डोक्यावर घेऊन ही बाई माझ्यापुढे चालली होती. वर्षभर कुणाला एक शब्द बोलली नाही. मला पुन्हा तिचा हेवा वाटला, पण आता मडक्याचा नाही. एवढा भरवसा मी आयुष्यात कशावर ठेवलेला नाही.

सकाळी तिने मडकं माझ्यापुढे सरकवलं. "मीठ तुमी घाला," म्हणाली, आणि खरंच पाठ करून गोठ्यात गेली. मी चिमटीचिमटीने घातलं.

गेल्या वर्षीचं ते मीठ कुठे गेलं, मला सांगता येत नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा. यंदा कोपीत बसून मी डोळे मिटले, पेला तोंडाला लावला, आणि संपल्यावर गौराकडे दुसरा मागितला.