मागच्या सीटवरचा तपास

कंपनीची बस सकाळी सव्वासहाला मुकुंदवाडीच्या नाक्यावर यायची. शेंद्र्याच्या त्या कारखान्यात आम्ही बायका मोटरच्या कॉइल गुंडाळायचो. आठ तास, उभ्यानं. घरी आल्यावर स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, सासऱ्यांच्या गोळ्या आणि हे सगळं उरकल्यावर टीव्हीवरची खुनांची मालिका. झोप जेमतेम पाच तासांची. डॉक्टर म्हणाले, टीव्ही बंद करा, थकवा आपोआप जाईल. थकवा जाईल हो, पण मग दिवसात माझं असं काय उरेल, हे त्यांनी सांगितलं नाही. मी मालिका चालू ठेवली आणि थकवाही.

खरी मजा सकाळी बसमध्ये यायची. गोष्ट दोन भागांची असायची. पहिला भाग झाला की दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर प्रत्येकीनं खुनी कोण ते सांगायचं. कुणी दिराचं नाव घ्यायची, कुणी भाडेकरूचं. वाया गेलेल्या जॉब कार्डाच्या पाठीवर ते सगळं लिहून घ्यायचं आणि ज्या चुकतील त्यांनी मिळून चहाच्या सुट्टीत भजी आणायची. सुपरवायझरला वाटायचं, आमच्यात भिशी चालते.

कार्ड लिहायची ती चिकलठाण्याला बसमध्ये चढणारी एक जण. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. अक्षर मोत्यासारखं आणि मालिकेचं वेड सगळ्यांत जास्त. पायरीवर पाय ठेवायच्या आतच सुरू व्हायची, "ताई, त्यो भाऊजी नाय, बायकूच हाय. लिहून ठिवते."

माझ्यावर भजी आणायची पाळी क्वचितच यायची, त्यामुळे माझा तोरा मोठा. एकदा तिनं विचारलं, तुम्हाला कसं काय कळतं? मी, जन्मभर गुन्हे शाखेत काढल्यासारखी, म्हणाले, "जो मोठ्यानं रडतो ना, त्याच्यावर डोळा ठेवायचा. खऱ्या दुःखाला आवाज नसतो." तिनं ते कार्डावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

एका सोमवारी ती चढली नाही. दुपारपर्यंत कळलं की तिचा नवरा गेला. रविवारी तो मोटारसायकलवर करमाडला भावाकडं निघाला होता आणि संध्याकाळी जालना रोडच्या कडेला चारीत पडलेला सापडला. गाडी बरीच लांब होती. कसं झालं, कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांनी तिचा जबाब घेतला, दुसऱ्या दिवशी परत घेतला आणि मोबाइलही घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर आम्ही आठ-नऊ जणी चिकलठाण्याला उतरून तिच्या घरी गेलो. सासू ऊर बडवून रडत होती. दारात एक हवालदार काहीतरी लिहीत उभा होता. ती स्वतः भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. विचारलं ते सांगत होती. किती वाजता निघाले, फोन कुणाचा आला, आधी काय झालं, मग काय झालं. कार्ड लिहायची तसं, एकाखाली एक.

परत थांब्याकडं येताना पहिली कुजबुज झाली.

"डोळ्यात टिपूस नाय गं तिच्या."

"जबाब दोनदा घेतला म्हणं. उगाच घेत्यात व्हय?"

आमच्यातली एक वयस्कर, जिला सगळ्याच आपा म्हणायच्या, ती वळून म्हणाली, "चुप बैठो जी. मय्यत का घर है, सिरियल नइ."

थोडं चालल्यावर एकीनं हळूच मला विचारलं, "तुमाला काय वाटतं, ताई?"

पाय दुखत होते. पोरं घरी उपाशी असतील हे डोक्यात होतं. मला काहीही वाटत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माझा अंदाज विचारला होता ना! मी म्हणाले, "काय तरी हाय खरं." दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसमधल्या पहिल्या सीटपर्यंत पोचलं होतं.

तीनेक आठवड्यांनी ती कामावर आली. ती चढली की बोलणं बंद. मागच्या सीटवर कुणी सरकून जागा दिली नाही. ती ड्रायव्हरच्या मागं एकटी बसायला लागली. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्याला कुणी हात लावेना. नोकरी सोडायचं बोलली असं कानावर आलं, पण घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. माझी सीट तिच्या तिरपी मागं होती. रोज वाटायचं, उठावं आणि तिच्याशेजारी जाऊन बसावं. रोज शेंद्रा यायचं.

मग एका ढाब्यावरच्या कॅमेऱ्यात टँकर सापडला. ड्रायव्हरनं कबूल केलं. मोटारसायकल उडवून तो थांबलाच नव्हता. बसमध्ये एकदम सगळ्यांनाच तिची कणव आली. मी तर म्हणलंच व्हतं, अशा चार-पाच जणी निघाल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला मागं बोलावून कार्ड आणि पेन हातात दिलं. तिनं निमूट सगळ्यांचे अंदाज लिहिले. आपा खिडकीबाहेर बघत होती.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत नळावर आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "मी तुझ्याबद्दल वाईट बोलले व्हते."

"ठाऊक हाय."

चूक कबूल करायची तर तेवढीच करावी. पण मला स्वतःची बाजूही मांडायची होती. "तू रडली नाहीस गं. म्हणून सगळ्यांना वाटलं."

ती हाताचा साबण धूत राहिली. मग म्हणाली, "लई रडू येत व्हतं, ताई. पर दारात पोलीस, म्होरं तुमी समद्या बसलेल्या. तुमीच सांगितलं व्हतं ना, मोठ्यानं रडंल त्याच्यावर डोळा ठेवायचा. मला वाटलं, आपण रडलो की ह्या आपलंच नाव लिवतील. मग दातावर दात धरून बसले."

आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. राग नव्हता. ती नेहमीसारखीच बोलत होती.

मी नळ बंद केला. म्हणाले, "आता रड. मी हाय हितं."

तिनं जरा वेळ खरंच वाट बघितली. भिंतीकडं तोंड करून, ओले हात तसेच धरून.

"आता येत नाय, ताई," ती म्हणाली.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिनं पदराला हात पुसले आणि ती मशिनकडं गेली.