टोपीवाले नट आणि अथर्वचं मातृभोजन

परवा इथे ग्वाल्हेरला किला गेटपाशी माझी पिकअप पंक्चर झाली आणि तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही. म्हणून इथे लिहितेय... कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

हजीऱ्याला माझं केटरिंगचं काम आहे आणि गाडी मीच चालवते. परवा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपू भागात एक मुंज होती, एकशेवीस पानं. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई सगळं भरून सकाळी सव्वाआठला निघालो.

मुहूर्त दहा बावीसचा. त्याआधी मातृभोजन... मुंज लागण्यापूर्वी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो ना, ते. अथर्वच्या आईने महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, पंगतीचं तुम्ही ठरवा ताई, पण त्या ताटात तुमच्याच हातची पुरणपोळी हवी. तो डबा मी वेगळा बांधून सीटवर, जाऊबाईंच्या मांडीवर ठेवला होता.

पंक्चरला मी घाबरत नाही. स्टेपनी होती, जॅक होता, चाक मला बदलता येतं. सहापैकी दोन नट निघाले आणि उरलेल्या चारांवर पाना चढेचना... कंपनीचीच गाडी, कंपनीचाच पाना, कंपनीचेच नट. समोरच्या दुकानातून एक नंबर मोठा पाना मागून आणला, तर तो नुसताच गरागरा फिरायला लागला.

तीनच आठवड्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं हो! कागदावर "व्हील नट" पुढे बरोबरची खूण, आणि नट असे पुसून दिलेले की तोंड बघून घ्यावं. मीच सगळ्यांना सांगत फिरत होते, बाहेरच्या मिस्त्रीला गाडीला हात लावू देत नाही, कंपनीचं ते कंपनीचं.

मग लावला हेल्पलाइनला फोन. एक दाबा, दोन दाबा, गाडीचा नंबर सांगा, लँडमार्क सांगा. अहो, ग्वाल्हेरचा किल्ला हा लँडमार्क ज्याला पुरत नाही त्याला आणखी काय सांगायचं? गाडी यायला दीड तास लागेल म्हणाले. सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर तिथला साहेब म्हणे तुम्हीच चुकीचा पाना वापरला असेल, आणि नट वॉरंटीत येत नाहीत. मी भांडले. मी दमल्यावर जाऊबाई भांडल्या... त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा धारदार आहे.

या सगळ्यात नऊ वीस झाले. तिकडून अथर्वच्या आईचे फोनवर फोन. गुरुजी घाई करतायत, मुलगा उपाशी बसलाय, तिच्याही पोटात काही नाही. मला अक्षरशः रडू यायला लागलं.

तेवढ्यात थोडं पुढे असलेल्या पंक्चरच्या दुकानातले बाबूलालभाई चहाचा ग्लास ठेवून आले. साठीचे असतील. त्यांनी आधी चाकाकडे पाहिलंच नाही.

"बहनजी, लड़ाई बाद में लड़ लेना. पहले ये बताओ, गाड़ी में ऐसा क्या है जो रुक नहीं सकता?"

मी जाऊबाईंकडे बघितलं, जाऊबाईंनी मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. दोन शिकल्यासवरलेल्या बायका अर्धा तास फोनवर भांडत होत्या, आणि शेजारून ई-रिक्षा एकामागून एक जात होत्या. आमच्या आठ पिढ्या इथे गेल्या, पण रागात अक्कल गहाण टाकायची सवय काही गेली नाही. पुढच्या मिनिटाला जाऊबाई डबा घेऊन रिक्षात बसल्या.

मग बाबूलालभाईंनी छिन्नी घेतली. दोन ठोके दिले आणि नटाची चमक सालीसारखी सोलून हातात आली. वर पत्र्याची पातळ टोपी, आत वेगळाच, लहान, गंजलेला नट. टोपीत पाणी शिरून गंज फुगला, टोपी फुगली, म्हणून पाना बसेना. बडा घर, पोकळ वासा, दुसरं काय... लहान पाना लावल्यावर चारही नट निघाले. पंगतीचं जेवणही वेळेत पोचलं.

काल ती सोललेली टरफलं घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले आणि साहेबाच्या टेबलावर ठेवली. त्यांच्याकडे तो बघेच ना. उलट म्हणाला, आता बाहेरचे नट लावाल तर चाकाची वॉरंटी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तुमच्या वॉरंटीने परवा एक पुरणपोळी वेळेवर पोचवली नाही.

मुंजीच्या दिवशी बाबूलालभाईंना या म्हटलं होतं, पण हात काळे आहेत म्हणून आले नाहीत. दुपारी मीच ताट वाढून दुकानात नेलं. अथर्वच्या आईने पाठवलेला फोटोही दाखवला... मायलेक एका ताटात, त्याचे गाल पुरणपोळीने फुगलेले आणि तिचे डोळे भरलेले.

त्यांनी फोटो बराच वेळ बघितला. मग मोबाइल परत देत म्हणाले, "बाक़ी तीन पहियों के नट भी बदलवा लेना, बहनजी."

सर्व्हिसिंग झाल्यापासून पाच स्टार द्या म्हणून मला सात फोन आलेत. उरलेल्या तीन चाकांची आठवण मात्र या एकाच माणसाला झाली.