साहेब सांत्वनाला येतो

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्या वर्षी एक छोटं नाटक होतं. दीडशे वर्षांपूर्वीचा एक गोरा साहेब अनोळखी बेटं आणि जंगलं वर्षानुवर्षं धुंडाळून परत येतो, तर त्याच्या जुन्या मित्राची बायको वारलेली असते. तो मित्राच्या घरी सांत्वनाला जातो. नाटक एवढंच. लिहिलं, बसवलं आणि साहेबाचं काम केलं, सगळं एकाच माणसानं. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि त्याचा आवाज चांगला होता. हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तिथेच घोटाळा झाला.

कपडे शिवायचं काम माझ्याकडे होतं. दुखवट्यातल्या मित्राचं काम माझ्या मैत्रिणीचे यजमान करायचे; मंडळात ते सगळ्यांचे काका, माझे भाऊजी. ती दोघं चोआ चू कांगला मुलाकडे राहायची, मी बिशानला माझ्या मुलाकडे. मैत्रीण प्रत्येक तालमीला यायची, मागच्या खुर्चीत बसायची आणि नवऱ्याचा शब्द चुकला की खोकायची.

तालमी निम्म्यावर आल्या आणि ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशीच खाली बसली, ती उठली नाही.

मी त्याच दिवशी पिठलं-भात घेऊन गेले. बाकीच्यांनी मोबाइलवर हात जोडले. मग ग्रुपवर चर्चा सुरू झाली, काकांना कधी सोयीचं आहे, कोण कोण जातंय, एकदम गर्दी नको व्हायला. गर्दी कसली? ह्याला वाटलं तो जाऊन आला, त्याला वाटलं हा. शेवटी कुणीच गेलं नाही. एक ऑर्किडचा गुच्छ मात्र गेला, सगळ्यांच्या नावाचं कार्ड लावून. सांत्वनाला जायचं तर आधी वेळ घ्यावी लागते, हे मला सिंगापुरात कळलं. आमच्याकडे न विचारता जायचं, गप्प बसायचं आणि ‘येते’ न म्हणता उठायचं. यात शिकलेल्या माणसांना न जमण्यासारखं काय आहे, हे मला अजून समजलेलं नाही.

तेरावा झाला आणि बँकवाल्याचा मला फोन आला. काकांना अशा अवस्थेत हे काम करायला लावणं बरं दिसत नाही, लोकही नावं ठेवतील, दुसरा माणूस बघितला आहे, तुम्ही वडीलधाऱ्या आहात तर तुम्हीच त्यांना जरा हळुवारपणे सांगा. मी म्हटलं, त्यांना विचारलंस का? म्हणाला, कसं विचारणार आजी, ऑकवर्ड होतं. भेटायला जायला ऑकवर्ड, फोन करायला ऑकवर्ड. माणसाला काढून टाकायला मात्र नाही.

गेले मी. एमआरटीच्या गाडीत सगळा वेळ मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. त्यांचा मुलगा कामासाठी जकार्ताला गेला होता. भाऊजींनी दार उघडलं आणि खुर्चीत जाऊन बसले. मीही बसले. ऑर्किड बादलीत सुकून गेलं होतं. मला हळुवार बोलता येत नाही, तेव्हा थोड्या वेळानं सरळच सांगितलं.

“तुम्हाला नाटकातून काढलंय.”

“का?”

“तुम्हाला त्रास होईल म्हणून.”

“आणि इथे बसून होत नाही?” ते म्हणाले. “वहिनी, दिवसच्या दिवस माझ्याशी कुणी एक वाक्य बोलत नाही. तिथे निदान तो साहेब तरी येऊन बोलतो.”

मग त्यांनी नाटकाचे कागद माझ्या हातात दिले. घरी पाठांतर करताना ती पोळ्या लाटता लाटता साहेबाची वाक्यं म्हणायची. आता समोरून वाक्य आलं नाही की ह्यांना पुढचं आठवत नव्हतं. मी चौथी शिकलेली, एकेक शब्द लावत वाचते. ‘मित्रा, मी सात समुद्र ओलांडले, पण तुझ्या दुःखाचा तळ मला कुठेच सापडला नाही,’ असं सुरू होऊन ते पानभर चाललं होतं. मी विचारलं, हा सांत्वनाला आलाय की भाषणाला?

“ती पण हेच म्हणायची,” भाऊजी म्हणाले. “म्हणायची, ह्याला आधी जेवायला वाढा, म्हणजे तोंड बंद राहील.”

हसले, आणि मग रडले. त्यांचं होईपर्यंत मी कागदाकडे बघत बसले. झाल्यावर पुढचं वाक्य वाचलं.

पुढच्या तालमीला मी त्यांना बरोबर घेऊनच गेले. कॉन्डोच्या सोसायटी हॉलमध्ये आम्हाला बघून सगळ्यांनी मोबाइल काढले. नवा माणूस आपल्या बुटांकडे बघायला लागला. बँकवाल्यानं खांद्यावर हात ठेवला, काका, तुम्ही रेस्ट घ्यायला हवी. भाऊजी म्हणाले, रेस्ट झाली, आता पहिल्यापासून घेऊ.

नाटकात साहेब आला की मित्र उठतो, त्याची टोपी घेतो आणि त्याला चहा देतो. भाऊजी उठलेच नाहीत.

“काका, उठायचंय.”

“नाही उठणार. बायको गेलेल्या घरात आल्यागेल्याला चहा कोण करतो?”

“काका, ते इंग्लिश लोक आहेत.”

“त्यांच्या बायका मरत नाहीत?”

बँकवाला हातात टोपी धरून उभा राहिला. मला वाटलं, आता तरी ह्याला काही कळेल. कसलं काय. घसा साफ करून त्यानं सात समुद्र सुरू केले आणि पानभर भाषण म्हटलं, मध्ये थांबायच्या जागी थांबून. मात्र काम भाऊजींकडेच राहिलं. नव्या माणसाला साहेबाची पेटी उचलणारा हमाल केलं, आणि उठायचं नाही हेही ठरलं.

नाटक चांगलं झालं. भाऊजी नुसते बसून राहिले तरी हॉल चिडीचूप होता. पडदा पडल्यावर लोक स्टेजवर आले, काका काय सुंदर केलंत म्हणाले, मी शिवलेल्या कोटात त्यांना उभं करून फोटो काढले. इतक्या दिवसांत ज्यांची पावलं त्या घराकडे वळली नव्हती, ते सगळे हात मिळवायला रांगेत. तिच्याबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही.

शेवटी बँकवाला आला. तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, “भाषण नको. ह्यांच्या घरी जा. वेळ विचारू नकोस.”

तो जाईल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला.

“तुमचा साहेब येऊन गेला.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. बराच वेळ बसला आणि गेला. पाठ केलेलं विसरला असेल.”

मी म्हटलं, विसरू दे. बाकीच्यांनी अजून वेळच ठरवलेली नाही.