वहिनीनं घातलेली भाकरी

हे आजवर मी कुणापाशी बोललेलो नाही. लेकीपाशी नाही, देवापाशीही नाही — त्याला ठाऊकच असेल, म्हणून त्याच्यापुढं हात जोडतो आणि झटकन मागं फिरतो. तुमच्यापाशी का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर बोलायला छाती लागते, ती माझ्याकडं कधीच नव्हती.

गोष्ट माशांची आहे. हसू आलं तर हसा. मीही आधी हसलोच होतो.

महाळुंग्याला आमची विहीर होती. थोरल्या भावानं तिच्यात कटला माशाची बोटभर पिल्लं सोडली होती. पुढं भाऊ गेला, पिल्लं वाढली. वहिनीला मूलबाळ नव्हतं. दिवस कलला की ती विहिरीच्या पायरीवर बसून भाकरी कुस्करायची, आणि दहा-दहा किलोचे ते काळपट मासे तोंडं वर काढून तिच्या हाताशी यायचे. अकरा होते. जमीन बिल्डरला दिली, विहीर बुजवायची ठरली, तेव्हा तिनं एवढंच विचारलं — माशांचं काय? पौडच्या पुढं माल्याला आम्ही जागा घेतली होती, तिथं शेततळं होतं. मी म्हटलं, नेऊ की. एखादी गोष्ट कुणाकडून शिकायची आणि मग चारचौघांत तीच शिकवत फिरायचं, ही माझी जुनी खोड.

माशांची पिल्लं विकणाऱ्या एका माणसाकडून सगळं नीट विचारून घेतलं. मोठा मासा हलवायचा तर आधी दोन दिवस उपाशी ठेवायचा, नाहीतर वाटेत टाकीतलं पाणी घाण होतं. शेपटीला धरायचा नाही, ओल्या कापडाच्या झोळीत आडवा उचलायचा. टाकीत हवेचा पंप सारखा चालू हवा. आणि पोचल्यावर लगेच सोडायचा नाही. नव्या तळ्याचं पाणी अर्धा तास थोडं थोडं टाकीत घालायचं, म्हणजे त्याला धक्का बसत नाही. मी हे वहिनीला दोनदा ऐकवलं. उपाशी ठेवायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. आमच्या घरातून कुणी रिकाम्या पोटी गेलेलं नव्हतं. विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा तिच्या हातचं काहीतरी खाऊनच जायचा.

थंडीचे दिवस होते. मोटर लावून विहिरीचं पाणी उपसलं, सकाळी जाळं टाकलं. वहिनीचं जुनं नऊवारी लुगडं भिजवून त्याची झोळी केली. एकेक मासा दोघादोघांनी धरून टाकीत सोडला, एकाचंही खवलं निघालं नाही. वहिनी देव्हाऱ्यातले देव मांडीवर घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीतून पुढं गेली. मागून टाकी लादलेली पिकअप घेऊन मी निघालो, एकटाच.

आणि पौडला थांबलो.

का थांबलो? सांगायचंय ते हेच — आणि इथंच जीभ अडते. चहाला थांबलो, असं मी स्वतःलाच कितीतरी वर्षं सांगितलं. खरं असं की हॉटेलबाहेर ओळखीचे चौघं बसले होते, जमिनीचं त्यांच्या कानावर गेलेलं होतं, आणि त्यांतल्या एकानं मला ‘या शेठ’ म्हणून हाक मारली. जन्मात पहिल्यांदा मला कुणी शेठ म्हणत होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि चावी काढून खिशात टाकली. पंप गाडीच्या बॅटरीवर होता, चावी काढली की बंद पडायचा. मला माहीत नव्हतं? ती वायर मीच जोडली होती. म्हटलं, दहा मिनिटांनी काय होतंय. मग मिसळ आली, दुसरा चहा आला, आणि मी फ्लॅट कितव्या मजल्यावर घेणार ते सांगत बसलो. मध्ये दोनदा पंपाची आठवण झाली. दोन्ही वेळा मी उठलो नाही. टाकी तासभर उन्हात उभी होती.

माल्याला पोचलो तेव्हा टाकीत डोकावायचीही भीती वाटत होती. शेजारच्या दोघांना बोलावलं आणि घाईघाईनं सगळे मासे तळ्यात सोडून दिले. कुठलं पाणी मिसळणं आणि कुठला अर्धा तास! दुपारपर्यंत दहा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. टाकीच्या तळाला भाकरीचे भिजलेले तुकडे होते. मी ते बघत उभा होतो, काय सांगावं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात वहिनी मागून आली. मी काही विचारलंही नव्हतं.

“म्याच घातली भाकर,” ती म्हणाली. “निघताना, टाकीत. लांब चालले व्हते, भावजी. उपाशी कसं धाडायचं?”

बघा — तिला कबूल करायला जराही वेळ लागला नाही. आणि मी काय म्हणालो?

“सांगितलं व्हतं की, वयनी.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. उलट आवाजात थोडी दया आणली — ती आठवली की आजही माझीच मला किळस येते.

पुढं त्या पिल्लंवाल्याला फोन केला. तो म्हणाला, भाकरीनं पाणी थोडं खराब झालं असेल, पण पंप चालू असता तर निभावलं असतं. हवाच तोडली तर उपाशी काय नि जेवलेला काय. म्हणजे माझ्यापुरती शंकासुद्धा उरली नाही. तरी बोललो नाही.

त्यानंतर घरात आम्ही दोघंच. माझी बायको आधीच गेलेली, लेक लग्न होऊन नाशिकला. वहिनी तळ्याकडं पुन्हा फिरकली नाही. वाचलेल्या एका कटल्याला मीच खायला घालू लागलो. पण ते सोडा. तिचा आग्रह संपला. नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात भाकरी टाकणारी ती बाई, आता पाहुण्याला चहा द्यायच्या आधी माझ्याकडं बघायची. शेजारणीला लाडू द्यायचा तरी आत येऊन हळूच विचारायची, चालंल न्हवं? मी मान डोलवायचो. आठ वर्षं डोलवली. रोज दोन वेळा आम्ही समोरासमोर जेवायला बसत होतो, आणि रोज दोन वेळा सांगता आलं असतं.

गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती दोन दिवस आधीपासूनच जेवेना. बरं वाटत नाही म्हणाली, मीही फार खोदून विचारलं नाही. कारण कळलं ते गाडीत, पौड जवळ आल्यावर. ती मान टेकून बसली होती. थकवा आलाय का, विचारलं.

“दोन दिस काय खाल्लं न्हाई म्या,” ती म्हणाली. “वाटंला उपाशीच बरं असतं. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं?”

ते हॉटेल आलं आणि मागं गेलं. पुढं पुण्यापर्यंत तासाभराचा रस्ता होता. मी गाडी चालवत राहिलो.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. हृदय थकलं होतं म्हणाले.

आता भाकरी मीच थापतो, जाड होते. दिवस कलला की तळ्यावर जातो. तो कटला वर येतो, तुकडा घेतो, खाली जातो. तेवढंच बोलणं दिवसाचं.

अकरा माशांना वहिनीनं जेवू घालून वाटेला लावलं होतं. त्यांतले दहा मी मारले. आणि तिला मी उपाशी पाठवली.