सावंतवरचा संशय आणि लहान डब्यांची रांग

"मॅडम, तुमचा सावंत मुद्दाम माझं काम दाबून ठेवतोय," कुळकर्णी माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले.

अंबरनाथला मोरिवलीजवळच्या आमच्या कारखान्यात ते प्लॅनिंग बघायचे. कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. सावंत आमचा ऑपरेटर. दोघे बदलापूरला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचे आणि पाण्याच्या पंपावरून त्यांचं वाजलेलं होतं, त्यामुळे हा आरोप मला अगदीच हवेतला वाटला नाही.

वर्क्स मॅनेजर अडवाणीसाहेब उल्हासनगरचे. ते म्हणाले, "देखो मॅडम, इस हफ्ते में कुळकर्णी का रिपोर्ट नहीं आया, तो सावंतला गोडाऊनमध्ये टाकतो."

सावंत रडकुंडीला आला होता. "मी हात पण लावला नाही, मॅडम. ते आपोआप मागे जातं."

आपोआप? मला राग आला. मशीनचं कुणाशी भांडण असतं का? मी सावंतला म्हटलं, "उद्या आराम कर." आणि दुसऱ्या दिवशी खरं-खोटं बघायला त्याच्या जागी स्वतः मशीनच्या कन्सोलवर बसले.

कुळकर्ण्यांचं काम तेव्हाही रांगेच्या तळाशीच राहिलं.

आमचं मशीन एका वेळी एकच काम करायचं. बाकीची रांगेत. सगळ्यांना पटापट उत्तर हवं, या साहेबांच्या हट्टापायी मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनिअरने 'लहान काम आधी' हा नियम लावून दिला होता. पिठाच्या गिरणीत लहान डबेवाल्याला पुढे घेतात, तसंच. डबे येतच राहिले, तर पोतंवाला बसून राहतो. कुळकर्ण्यांचा रिपोर्ट म्हणजे पोतं.

पण इतके डबे आले कुठून? मी रांग नीट पाहिली. डिस्पॅचचा एकच रिपोर्ट गिऱ्हाइकागणिक तुकडे करून टाकलेला होता.

डिस्पॅचचे म्हात्रे अजिबात ओशाळले नाहीत. "लवकर होतं ना, मॅडम. आता स्टोअरवालेही तसंच करतात."

नियम बदलायलाच हवा होता. 'आधी येईल त्याचं आधी' लावावं, तर कुळकर्ण्यांचं पोतं दळून होईपर्यंत सगळी फॅक्टरी ताटकळणार. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ आळीपाळीने द्यावा, तर आमची मेमरी तोकडी, एक काम उचलून दुसरं ठेवण्यातच मशीनचा दम गेला असता. शेवटी इंजिनिअरला बोलावून जुन्याच नियमाला जोड दिली. जो जितका थांबेल, तितका त्याचा नंबर वर सरकेल. मग पोत्याचीही पाळी येतेच.

रिपोर्ट त्याच आठवड्यात निघाला. अडवाणीसाहेबांनी गोडाऊनचं नाव पुन्हा काढलं नाही. मला फार हलकं वाटलं.

कुळकर्णी रिपोर्ट घ्यायला आले. मी त्यांना सगळा घोळ समजावला, गिरणीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाता जाता हळूच म्हणाले, "तुम्ही दम दिलात ते बरं झालं. त्याशिवाय तो सुधारला नसता."

नियम बदलून मशीनची रांग सरळ करता येते. माणसाच्या मनात एकदा बसलेला क्रम तसा हलत नाही, असं मी तेव्हा कुळकर्ण्यांवरून धरून चालले होते.

दिवाळीच्या आधी मी सावंतला म्हटलं, "दोन दिवस सुट्टी घे, घरी कामं असतील."

त्याने हातातला कागद खाली ठेवला.

"सुट्टी कशासाठी, मॅडम?" तो म्हणाला. "या वेळी काय अडकलंय?"