दहावीच्या निकालाचा दिवस

देवळ्याजवळच्या आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई पोरांना आधी "जेवलास का?" विचारतात, अभ्यासाचं नंतर. संस्थेचे अध्यक्ष एकदा म्हणाले, "कच्ची पोरं बाहेरून बसवा बाई, शाळेचा निकाल लय वाढंल."

"नाही साहेब. सगळी शाळेतूनच बसतील," बाई म्हणाल्या, आणि वर्षभर शाळा सुटल्यावर त्या पोरांना स्वतः गणित शिकवत राहिल्या.

निकाल चांगला लागला. आम्ही शिक्षक पेढे वाटत होतो, पण बाई कुठं दिसेनात. शोधत गेलो, तर शाळेतून नापास झालेल्या एकमेव मुलीच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या. मुलगी दार उघडत नव्हती.

"अगं, गणित राहिलंय, तू नाही राहिलीस," बाई दाराला तोंड लावून सांगत होत्या. "पुरवणी परीक्षा आहे ना. मी इथंच बसलेय."

बऱ्याच वेळानं आतून कडी निघाली.